चालकाशी बोलू नये

आमच्या फेरीबोटीच्या केबिनवर एक पाटी आहे, ‘चालकाशी बोलू नये’. पाटी प्रवाशांसाठी आहे. माझ्या थोरल्या दिरांनी ती अकरा वर्षं घरगुती वापराला घेतली होती.

चालक म्हणजे आमचे हे. तेवीस वर्षं हे या धक्क्यावरून समोरच्या धक्क्यावर आणि समोरच्या धक्क्यावरून या धक्क्यावर फेरीबोट नेतात. वीस मिनिटं जायला, वीस मिनिटं यायला. मी याच धक्क्यावर तिकीट खिडकीत बसते. म्हणजे आमचा संसार असा की मी माणसं आत पाठवते आणि हे त्यांना पलीकडे नेऊन सोडतात. यांना एकाच गोष्टीचा अभिमान, वेळेचा. वेळ झाली की भोंगा वाजणार आणि बोट सुटणार, मग धक्क्यावर कोणी धावत येवो नाहीतर लोळण घेवो. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आम्ही दोघं पलीकडे एका लग्नाला निघालो होतो. छत्री विसरली म्हणून मी मागे फिरले, तर मला धक्क्यावर ठेवून हे निघून गेले. वर संध्याकाळी मलाच म्हणाले, “वेळापत्रक तुला पाठ हवं. खिडकीत तूच बसतेस.”

थोरले दीर, म्हणजे भाऊजी, त्यांची शिडाची होडी आहे. कौलं, चुन्याची पोती, दोरखंडाची बंडलं असला माल घेऊन ते किनाऱ्याकिनाऱ्याने या बंदरातून त्या बंदरात जातात. होडीला ते म्हातारी म्हणतात. लग्न केलं नाही, एक म्हातारी सांभाळून पुरे झालं म्हणतात. घड्याळ त्यांच्याकडे नाही. “कधी निघणार?” असं विचारलं की आधी गालावर वारा घेतात, मग पाण्याकडे बघतात, मग म्हणतात, “बघू.”

आता असले दोन भाऊ एका आईच्या पोटी का जन्माला यावेत, हे मला विचारू नका. मी बाहेरून आलेली आहे.

भांडण झालं ते एका शब्दावरून. लेक शाळेत होती. फॉर्म भरायचा होता, आणि भाऊजींचं अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं, म्हणून त्यांना बसवलं. ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘ड्रायव्हर’. शाईने.

“कप्तान लिही,” हे म्हणाले.

“कप्तान वाऱ्याला वळवतो. तू किल्ली फिरवतोस.”

“आणि तू? तू तर नुसता वाऱ्यावरच जगतोस. ना घर, ना दार.”

भाऊजींनी पेनला टोपण लावलं आणि उठून गेले. हे बोलून चुकले होते, ते यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं; पण चूक कबूल करायला वेळापत्रकात जागा नसावी. दुसऱ्या दिवशी भाऊजी मला म्हणाले, “त्याला सांग, सरकारी पाटी आहे. चालकाशी बोलू नये. मी कायदा पाळणारा माणूस आहे.”

त्या दिवसापासून ‘त्याला सांग’ हे दोन शब्द माझ्या मानगुटीवर बसले. घर एकच, मधे एक भिंत. जेवायला भाऊजी आमच्याच टेबलाशी. मीठ यांच्या कोपराजवळ असलं तरी भाऊजी माझ्याकडे बघून म्हणत, “त्याला सांग, मीठ सरकव.” हे माझ्याकडेच बघून म्हणत, “दादाला सांग, आधीच खारट झालंय.” ज्या बाईने ते खारट केलं होतं तिनेच हे सांगायचं.

पण एक सांगते. खिडकीत बसल्यावर बाईला एक विद्या येते. “ओ बाई, झोपलात की काय, डोळे आहेत का, दोन द्या” असं कोणी ओरडलं, तर त्यातलं ‘दोन द्या’ एवढंच ऐकायचं. हीच विद्या मी घरी वापरली. भाऊजी म्हणायचे, “त्या गाढवाला सांग, छपराचं कौल सरकलंय, आणि डोकं असेल तर ते भिजायच्या आत बसव.” मी यांना सांगायची, “छपराचं कौल सरकलंय म्हणतात.” अकरा वर्षं मी दोघांचं बोलणं चाळून, निवडून, खडे काढून पुढे दिलं.

आता इतकं काढलं की मधे जागा रिकामी राहते. तिथे मी अधूनमधून पदरचं घातलं. भाऊजींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी रोज जाऊन सांगायची, “यांनी विचारलंय, डोळा कसा आहे.” यांनी विचारलं नव्हतं. यांची पाठ धरली तेव्हा कमरेचा पट्टा आणून दिला आणि म्हटलं, भाऊजींनी पाठवलाय. भाऊजींना पट्ट्याचा पत्ताही नव्हता. हे मी कोणाला कधी बोलले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दोघांचं थेट बोलणं म्हणाल तर एकच होतं. समुद्राचा नियम असा आहे की इंजिनवाल्याने शिडवाल्याला वाट द्यायची. म्हातारी समोरून आली की हे एकदा आखूड भोंगा वाजवत, म्हणजे ‘मी उजवीकडे वळतोय’, आणि बाजूने निघून जात. भाऊजी सुकाणूवर बसून ऐकत. अकरा वर्षांत भावाने भावाला एवढंच सांगितलं, की मी उजवीकडे वळतोय.

आमची लेक मात्र दोघांकडे वाढली. बापाकडून इंजिन शिकली, काकांकडून वारा. परीक्षा दिल्या, खालच्या अंगाला दूरच्या एका मोठ्या बंदरात फेरीबोटीवर लागली, आणि या गुरुवारी दुपारी चार वाजता कप्तान म्हणून तिची पहिली फेरी होती. तिचा फोन आला.

“आई, बाबा आणि काका, दोघांना आण. पहिल्या बाकावर शेजारी शेजारी बसायचं. एकटा आला तर मी उतरवीन.”

“आणीन.”

“आणि वेळेवर. मी थांबणार नाही हं.”

“ते मला नको शिकवूस. तुझ्या बापाने मला भर लग्नसराईत धक्क्यावर सोडलंय.”

फोन ठेवला आणि मला रडू आलं. एवढी वर्षं मी लोकांना तिकिटं देऊन सुटणाऱ्या बोटीकडे मागून बघत आले. एकदा, फक्त एकदा, मला माझ्या माणसांबरोबर बोटीत बसायचं होतं, आणि ती बोट माझ्या मुलीने सोडायची होती. दोघंही बरोबर हवे होते. यात मी फार मागत होते असं मला वाटत नाही.

बेत सोपा होता. आम्ही दोघं सकाळी आठच्या लांब पल्ल्याच्या बोटीने जाणार, भाऊजी त्यांच्या म्हातारीने येणार, आणि तिथल्या धक्क्यावर मी दोघांना दोन हातांना धरून बाकावर नेऊन बसवणार. हे पहाटेपासून तयार. इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि डोक्यावर बिल्ला लावलेली कप्तानाची टोपी, जी एरवी कपाटात कापडात गुंडाळून असते.

धक्क्यावर गेलो तर खडूने लिहिलेला फळा: ‘यांत्रिक बिघाडामुळे आजची फेरी रद्द.’

हे फळ्यासमोर उभे राहिले. दोनदा वाचला. जणू तिसऱ्यांदा वाचल्यावर इंजिन सुरू होणार होतं. रस्त्याने जायचं तर सगळ्या खाड्यांना वळसा, म्हणजे पोचेपर्यंत दिवेलागण. शेजारी भाऊजी म्हातारीत चुन्याची शेवटची पोती लावत होते.

“त्याला सांग,” भाऊजी मान वर न करता म्हणाले, “म्हातारीला यंत्रच नाही, म्हणून बिघाडही नाही. ड्रायव्हर लोकांना हे कळायला जन्म जावा लागतो.”

“होडीत जागा आहे म्हणतात,” मी यांना सांगितलं.

“दादाला सांग, चुन्याच्या पोत्यावर बसून माझ्या मुलीकडे जाणार नाही. त्यापेक्षा पोहत जाईन.”

“येतो म्हणतात,” मी भाऊजींना सांगितलं.

“मी असं कधी म्हटलं?”

“मग बसा इथे फळा वाचत. मी चालले.” आणि मी पदर खोचून होडीत उतरले. पाच मिनिटांनी होडी एका बाजूने खाली गेली, म्हणजे हे चढले.

बसायची व्यवस्था अशी. भाऊजी मागे सुकाणूवर. हे पुढे डोलकाठीजवळ, कारण शिडाचा दोर सांभाळायला एक माणूस लागतोच. मधे पोत्यांवर मी, मांडीवर पर्स, पर्समध्ये उकडलेली अंडी, सफरचंदं आणि ती कापायची सुरी. भावाभावांत माझं स्थान अकरा वर्षं जिथे होतं तिथेच होतं, फक्त आता ते हलत होतं.

घरी मीठ उशिरा पोचलं तर कोणी मरत नाही. होडीवर हुकूम उशिरा पोचला की काय होतं ते पहिल्याच वळणावर कळलं.

“त्याला सांग, डोकं खाली घे,” भाऊजी म्हणाले.

मी वळले. “अहो, भाऊजी म्हणतात की तुम्ही जरा डोकं...”

तोपर्यंत शिडाची आडवी काठी या बाजूची त्या बाजूला गेली होती. डोकं वाचलं, टोपी गेली. बिल्ल्यासकट पाण्यावर थोडा वेळ तरंगली आणि मग आम्ही पुढे आलो.

“त्याला सांग,” भाऊजी म्हणाले, “ड्रायव्हरला टोपी लागत नाही.”

“काय म्हणाला?” यांनी विचारलं.

“वाईट वाटलं म्हणतात.”

यांनी संशयाने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी समुद्राकडे पाहिलं. तो भरपूर होता.

दर दहा मिनिटांनी हे मनगट वर करत. “दादाला सांग, ताशी वेग काय आहे? किती वाजता पोचणार?”

“त्याला सांग, वाऱ्याला पत्र टाक. उत्तर आलं की कळवतो.”

“वेळेत पोचू म्हणतात.”

दुपारी बारा वाजता वारा पडला. शीड वाळत घातलेल्या चादरीसारखं लोंबत राहिलं आणि म्हातारी जिथे होती तिथे बसली. किनाऱ्यावर एक पांढरी भिंत दिसत होती. अंडी सोलून झाली, खाऊन झाली, तरी तीच भिंत तिथेच. हे आता मनगट खाली करतच नव्हते. मी दोघांना अर्धं अर्धं सफरचंद कापून दिलं. दोघांनीही बिया एकाच वेळी, एकाच तऱ्हेने, मान तिरकी करून पाण्यात थुंकल्या. आईने एकाच मुशीतून काढलेले दोन नग, आणि एकमेकांशी बोलायला मी लागते. मला त्या क्षणी दोघांचा असा राग आला की दुसरं अख्खं सफरचंद मी एकटीने खाल्लं.

पावणेतीनला वारा आला. आला तो चांगलाच आला. शीड टम्म फुगलं, म्हातारी निघाली, आणि भाऊजी सरसावून बसले.

“त्याला सांग, दोर हातात धर. तुझ्या त्या फेरीबोटीसारखा खुंटीला आवळून मोकळा होऊ नकोस, ठोंब्या, नाहीतर एक दिवस बायकोला पण धक्क्याला बांधून येशील.”

इथे चूक माझी झाली. उगाच दुसऱ्यावर ढकलणार नाही. ‘तुझ्या त्या फेरीबोटीसारखा’ हे शब्द कानावर पडले आणि सवयीने माझी चाळणी सुरू झाली. पुढचं सगळं टोमणा म्हणून वर राहिलं.

“दोर धरा म्हणतात,” मी सांगितलं.

यांनी धरला. दहा-पंधरा मिनिटं धरला. मग तळहात लाल झाले तेव्हा यांनी तेच केलं जे तेवीस वर्षं दिवसातून वीस वेळा करत आले होते. दोर खुंटीला अडीच वेढे, वरून एक उलटी गाठ, आणि हात झटकून, “पक्कं.” ही गाठ धक्क्याला बोट बांधायची. भर वादळात सुटत नाही, यांचा तो दुसरा अभिमान आहे. मला तर ती गाठ बघून बरंही वाटलं. नीटनेटकी दिसत होती. भाऊजींना पुढचं काही दिसत नव्हतं, मधे शीड होतं.

साडेतीनला बंदराचा दगडी बंधारा दिसला. त्याच्या टोकाला लाल दिव्याचा बुटका खांब. आत लेक. पावणेचारला खांबावरचे पक्षी मोजता येऊ लागले. हे उभे राहिले होते. एक हात डोलकाठीला, एक घड्याळासमोर.

“तीन बावन्न... दादाला सांग, जरा... तीन चौपन्न.”

या वेळी भाऊजींनी टोमणा मारला नाही. ते गालावर वारा घेत होते आणि ओठ आवळून बसले होते. त्यांनाही पोचायचं होतं. चिमणी म्हणतात तिला. सुकाणू धरायला तिला पहिल्यांदा शिकवलं ते त्यांनीच, तेव्हा ती त्यांच्या गुडघ्याएवढी होती.

मग बंधाऱ्याच्या आतून लांब भोंगा वाजला. बोट सुटल्याचा.

यांनी घड्याळ पाहिलं. “चार,” म्हणाले. “सेकंदावर.” आणि त्यांचा चेहरा असा झाला की त्यावर अभिमान आणि दुःख यांतलं कोण वर आहे ते कळेना. मला कळायची गरजही नव्हती. मी पोत्यावर बसून रडत होते. सगळ्या जन्मात एक बोट मागितली होती आणि तीही माझ्याशिवाय सुटली.

बंधाऱ्याच्या टोकामागून बोटीचं पांढरं नाक बाहेर आलं. आणि त्याच वेळी तिथल्या मोकळ्या जागेतून वाऱ्याचा एक दणका आमच्या शिडात बसला. म्हातारी कलंडली, पाणी माझ्या चपलेपर्यंत आलं, आणि होडीचं तोंड सुकाणूला न जुमानता थेट बोटीच्या वाटेवर वळायला लागलं. शीड सैल सोडल्याशिवाय ती थांबणार नव्हती.

“त्याला सांग,” भाऊजी म्हणाले.

मी डोळे पुसत वळले, तोंड उघडलं.

“सोड!” भाऊजी माझ्या डोक्यावरून ओरडले. “दोर सोड!”

मी तोंड उघडंच ठेवलं. सांगायला काही उरलं नव्हतं. ते थेट गेलं होतं.

“सुटत नाही, दादा,” हे ओरडले.

“बांधलास?”

“बांधला.”

“काप मग.”

“नवा आहे दोर तुझा.”

“तुझ्या बापाचा आहे, काप.”

“आपला बाप एकच आहे, दादा.”

“हे आत्ता आठवलं? काप म्हणतो ना.”

एवढं सगळं माझ्या डाव्या कानातून उजव्या कानात गेलं, एक शब्दही न गळता. मी पर्समधली सफरचंदाची सुरी काढून यांच्या हातात दिली. यांनी ती तीनदा घासली आणि दोर तुटला. सुरी हातातून निसटून पाण्यात गेली, शीड मोकळं होऊन फडफडायला लागलं, म्हातारी सरळ झाली आणि बोटीच्या वाटेत ऐन मधोमध उभी राहिली.

समोरून एक आखूड भोंगा आला.

“उजवीकडे घेतेय,” दोघं एकदम म्हणाले.

तिने घेतली. घाई नाही, हिसका नाही. ती एवढी मोठी बोट सावकाश उजवीकडे वळली, आमच्यापासून बेताचं अंतर ठेवून बाजूने गेली आणि पुन्हा आपल्या वाटेला लागली. केबिनच्या काचेमागे ती उभी होती. खांदे बापाचे, मान काकांची. नजर सरळ पुढे. आमच्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

“बघितलं सुद्धा नाही आपल्याकडे,” मी म्हटलं.

“बघायचं नसतं,” दोघं एकदम म्हणाले. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि दोघंही खाली बसले.

शीड गेलं म्हणजे वल्ही आली. दोन वल्ही, एक बाक. दोघं शेजारी शेजारी बसून मारायला लागले. थोडा वेळ नुसतं पाण्याचं चुबुक चुबुक. मला वाटलं, झालं, पुन्हा पाटी लागली.

“पण बांधलास कशाला?” भाऊजी म्हणाले. “बांधू नको म्हणून सांगितलं होतं.”

“मला कोणी सांगितलं नाही.”

“धडधडीत सांगितलं. ठोंब्या म्हणालो, बायकोला धक्क्याला बांधून येशील म्हणालो.”

“मला फक्त ‘दोर धरा’ एवढंच आलं.”

वल्ही थांबली. दोघांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी पर्स उघडून आत बघायला लागले.

“टोपी गेली तेव्हा मी काय म्हणालो, ते पोचलं का?” भाऊजींनी यांना विचारलं.

“तुला वाईट वाटलं म्हणालास.”

“मला?”

“म्हणजे नाही वाटलं?”

“कौल सरकलं तेव्हा तुला गाढव म्हणालो होतो, ते?”

“नाही आलं.”

“आणि दिवाण उचलताना? रेडा?”

“नाही.”

“अकरा वर्षं,” भाऊजी हताश होऊन म्हणाले, “मी एवढ्या मेहनतीने तुला बोललो, आणि एक अक्षर पोचलं नाही.”

“मी पण तुला कमी बोललो नाही,” हे म्हणाले. “माझंही वायाच गेलं असणार.” मग दोघं एक होऊन मला बोलायला लागले. बाई विश्वासाने काम देतो, बाई मधल्या मधे गिळते, टपालखात्यात अशाने नोकरी गेली असती. अकरा वर्षांत पहिल्यांदा दोन भावांचं एकमत झालं, आणि ते माझ्याविरुद्ध. मी मान खाली घालून ऐकत होते. इतकी गोड बोलणी मी जन्मात खाल्ली नव्हती.

पण हिशेब अर्धाच झाला होता. गाळलेलं सापडलं होतं. घातलेलं अजून सापडायचं होतं.

धक्क्याला लागलो तेव्हा फेरी परत आली होती. लेक शिडीवरून उतरून समोर उभी. टोपीला नवा बिल्ला.

“पहिल्या फेरीत पहिला अडथळा,” ती म्हणाली, “आणि तोही घरचा.”

“उशीर झाला, बाळ,” मी म्हटलं. “माझ्यामुळे.”

“काचेतून दिसत होतं मला. बाबा आणि काका तोंडाला तोंड देऊन भांडत होते. मी म्हटलं, भांडतायत म्हणजे बोलतायत. पाचच्या फेरीला बसा. आणि आई, पाच म्हणजे पाच.”

“तुम्ही म्हणाला होतात ना, बघायचं नसतं,” मी यांना म्हटलं.

“डोळ्याच्या कोपऱ्यातून चालतं,” भाऊजी म्हणाले.

पाचला पाच कमी असताना आम्ही बोटीत होतो. पहिल्या बाकावर ते दोघं, शेजारी शेजारी. माझ्यासाठी त्या बाकावर जागा उरली नाही, म्हणून मी मागच्या बाकावर. समोर केबिन, केबिनवर पाटी, ‘चालकाशी बोलू नये’. भाऊजी ती बराच वेळ वाचत होते.

“ही पाटी चुकीची आहे,” म्हणाले. “कप्तानाशी बोलू नये, असं हवं. सगळ्याच बोटींवर.”

हे खिडकीबाहेर बघत राहिले. “मी पण तेव्हा घरादाराचं बोलायला नको होतं,” बाहेरच बघत म्हणाले.

“सोड रे.”

“सोडलं.”

पाच वाजले. लांब भोंगा वाजला, सेकंदावर, आणि धक्का मागे सरकायला लागला. मी बोटीत होते. धक्क्यावर एक बाई पिशवी घेऊन धावत येत होती, ती राहिली. मला तिच्याबद्दल वाईट वाटलं, पण फार नाही.

“तसा तुझ्यावर माझा पूर्ण राग कधीच नव्हता,” भाऊजी म्हणाले. “डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तू रोज विचारत होतास. ते मी विसरलेलो नाही.”

हे हळूहळू मागे वळले आणि माझ्याकडे पाहिलं. मी वर पाटीकडे पाहिलं. पाटीवर तीनच शब्द होते, ते मी पुन्हा पुन्हा वाचले.

हे पुढे वळले.

“हो,” म्हणाले. मग थोडं थांबून, “आता कसा आहे डोळा?”

“बरा आहे.”

“दिसतं ना नीट?”

“तुझं टक्कल दिसतं.”

यांनी टोपी नसलेल्या डोक्यावरून हात फिरवला. बोट बंधाऱ्याबाहेर आली होती, आणि केबिनमधून लेकीचे खांदे तेवढे दिसत होते.

“तू पण पाठवला होतास ना,” हे म्हणाले, “तो पट्टा. पाठ धरली तेव्हा.”

“कसला पट्टा?”

मी डोळे मिटले.

मिटल्या डोळ्यांनी मला कळलं, की भाऊजींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि परत पुढे वळवली.

“हां, तो पट्टा,” ते म्हणाले. “बसला ना मापात?”

“जरा सैल होता.”

“मग तेव्हाच सांगायचं ना,” भाऊजी म्हणाले.